सांघिक खेळ आणि मुलांची बुद्धि

शाळेच्या वेळापत्रकांत खेळाच्या तासाची स्थिति घरांतील धाकट्या सुनेसारखी असते; कोणाचेंही काम अडलें कीं हांक तिलाच. गणिताचा भाग मागें पडला, तपासणी जवळ आली, किंवा संमेलनाच्या गाण्यांची तालीम राहिली, कीं पहिला हात पडतो तो या तासावर. पालकांचीही याविषयीं क्वचितच तक्रार येते. चवथ्या इयत्तेंतील मुलाचे पाढे कोठवर आले याची विचारपूस करणारे पालक आम्हांस पुष्कळ भेटतात. मैदानावर तें काय शिकलें हें विचारणारे फार थोडे. खेळानें अंग घट्ट होतें, भूक लागते, रात्रीं शांत झोंप येते, एवढें सर्वांस मान्य आहे. परंतु खेळाचा व बुद्धीचा कांहीं संबंध असेल ही कल्पना अजून आपल्याकडे म्हणावी तशी रुजलेली नाहीं. तो संबंध कोणता, आणि सहा ते दहा वर्षांच्या मुलांच्या बाबतींत तो कसा जुळवितां येतो, हें मुख्यतः आपल्या परिचयाच्या एका देशी खेळावरून दाखविण्याचा आमचा विचार आहे.

तो खेळ म्हणजे खो-खो. आमच्या विद्यार्थ्यांपैकीं ज्यांस नियम तोंडपाठ आहेत त्यांनीं पुढील कांहीं ओळी गाळल्या तरी चालतील. त्या पालकांसाठीं आहेत. मैदानाच्या दोन टोकांस दोन खांब व त्यांस जोडणारी मधली पट्टी. या पट्टीवर आठ गडी ओळीनें बसतात, परंतु एकाचें तोंड पूर्वेस तर शेजाऱ्याचें पश्चिमेस, असे एकाआड एक. नववा गडी पाठलाग करतो. पळणाऱ्या पक्षाचे तीन गडी एका वेळीं मैदानांत उतरतात. पळणारा दोन बसलेल्यांच्या मधून वाटेल तेव्हां पट्टी ओलांडतो. पाठलाग करणाऱ्यास मात्र तशी मोकळीक नाहीं. त्यानें एका खांबाची दिशा घेतली कीं मागें फिरावयाचें नाहीं, व पट्टीच्या पलीकडे जावयाचें तर खांबाला वळसा घालूनच. आपल्या जागीं दुसऱ्यास उठवावयाचें असेल तर बसलेल्या गड्याच्या पाठीमागून त्यास हात लावून मोठ्यानें ‘खो’ म्हणावयाचें. खो मिळालेला गडी उठून धांवतो व देणारा त्याच्या रिकाम्या जागीं बसतो. बसलेल्यानें खो मिळाल्यावांचून उठावयाचें नाहीं.

आतां या नियमांकडे जरा बारकाईनें पाहावें. पळणारा पट्टीच्या जवळून धांवतो. पाठलाग करणारा अंगावर येतांच तो दोन गड्यांच्या मधून एका उडीसरशीं पलीकडे जातो. पाठलाग करणाऱ्यानें खांबापर्यंत धांवत जाऊन वळसा घातला, तर तोंपर्यंत पळणारा हंसत हंसत पुन्हां अलीकडे आलेला असतो. याचा अर्थ असा कीं, पाठलाग करणारा कितीही चपळ असला तरी सावध गडी त्याच्या एकट्याच्या हातीं लागणें जवळजवळ अशक्य आहे. नियम मुद्दाम तसेच केलेले आहेत. पाठलाग तडीस जातो तो केवळ आपल्या हातांतील पाठलाग योग्य क्षणीं दुसऱ्याच्या स्वाधीन केल्यानें. इतर कित्येक खेळांत उत्तम गडी एकट्याच्या जोरावर बाजी मारून नेऊं शकतो. खो-खोच्या पाठलागांत त्याची ती सोय ठेवलेली नाहीं. गांव करी तें राव न करी, ही म्हण इतक्या तंतोतंत रीतीनें मैदानावर आंखून ठेवलेली आम्हीं दुसऱ्या खेळांत पाहिली नाहीं.

परंतु हें मुलांस सांगून समजत नाहीं. तिसरी-चवथीच्या वर्गास प्रथम खो-खो खेळावयास सोडलें म्हणजे काय दिसतें? ज्याच्या हातीं पाठलाग आला तो तो सोडावयास तयारच नसतो. तो खांब ते खांब धांवतो, घामाघूम होतो, व बसलेले आठ जण ‘मला दे, मला दे’ म्हणून ओरडत राहतात. पुष्कळ शिक्षक अशा वेळीं शिटी वाजवून खेळ थांबवितात व ‘अरे, खो दे ना!’ असें बजावतात. मूल खो देतें, पण तो कां द्यावयाचा हें त्यास कळत नाहीं. म्हणून तें चुकीच्या गड्यास किंवा भलत्या वेळीं देतें. यापेक्षां शिक्षकानें निमूटपणें एक प्रयोग करावा. सर्व आठ जणांस एकाच दिशेस, समजा पश्चिमेस, तोंड करून बसवावें आणि खेळ सुरू करावा. पाठलाग करणारा पूर्वेच्या बाजूस असतां पळणारा पश्चिमेस गेला तर सर्व ठीक चालतें. समोर आठ पाठी आहेत, कोणासही खो द्यावा. तो उठून पश्चिमेस धांवतो. परंतु पळणारा आतां पूर्वेस परतला कीं खेळ ठप्प होतो! पश्चिमेकडून एकाही गड्याची पाठ दिसत नाहीं, सगळीं तोंडेंच दिसतात. खो देणार कोणास? दोन-तीन मिनिटांतच कोणीतरी मूल ओरडतें, ‘गुरुजी, तो तिकडे गेला कीं तिकडे बघणारें आमचें कोणीच नाहीं!’ मग त्यांसच विचारावें, ‘बरें, मग कसे बसाल?’ कोणी म्हणतें, अर्धे इकडे अर्धे तिकडे. पहिले चार पूर्वेस व पुढचे चार पश्चिमेस बसवून पाहिलें कीं अर्धें मैदान पुन्हां पांगळें होतें. अखेर एकाआड एक बसण्याची युक्ति निघते. ती पुस्तकांत छापलेली आहे हें खरें. पण ज्या वर्गानें ती स्वतः शोधून काढली त्या वर्गास पुढें ‘पळणारा जिकडे गेला तिकडे तोंड असलेल्यास खो द्या’ असें वेगळें शिकवावें लागत नाहीं.

याच रीतीनें पुढची अडचण येते. तरबेज पळणारा प्रत्येक बसलेल्या गड्याच्या आड-बाहेरून नागमोडी वळणें घेत जातो. यास साखळी म्हणतात. पाठलाग करणारे ओळीनें एकामागून एक खो देत राहतात व तो नेहमींच एक पाऊल पुढें राहतो. ही साखळी तोडावयाची कशी? आम्ही अशा वेळीं खेळ थांबवून पक्षास दोन मिनिटें गोल करून बसूं देतों व स्वतः चार हात दूर उभे राहतों. पहिलीं उत्तरें ‘अजून जोरानें धांवायचें’ अशा धर्तीचीं येतात. मग एखादी मुलगी, बहुधा जी इतका वेळ नुसती बसून पाहत होती तीच, हळूच म्हणते कीं जवळच्यास खो देण्याऐवजीं एक घर सोडून पुढच्यास दिला तर? तो पळणाऱ्याच्या समोरच उठेल. यांत ध्यानांत घेण्याजोगी गोष्ट ही कीं ही युक्ति धांवणाऱ्यास सहसा सुचत नाहीं; बसलेल्यास सुचते. त्यास मैदान दिसत असतें. म्हणून संघांत जलद पायांच्या गड्याइतकीच स्वस्थ डोळ्यांच्या गड्याची किंमत असते, व हें मुलांस एकदां अनुभवास आलें म्हणजे वर्गांतील मान-अपमानाच्या पुष्कळ गोष्टी आपोआप बदलतात.

खेळाचे नियम ठरविण्याचें काम आपल्याकडे १९१४ सालच्या सुमारास पुण्याच्या डेक्कन जिमखान्यानें हातीं घेतलें. १९३६ सालीं बर्लिन येथील ऑलिंपिक सामन्यांच्या प्रसंगीं अमरावतीच्या श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या पथकानें देशी खेळांचीं प्रात्यक्षिकें तेथें करून दाखविलीं. अगदीं अलीकडे, म्हणजे जानेवारी २०२५ मध्यें, नवी दिल्ली येथें खो-खोची पहिली जागतिक स्पर्धा झाली. तींत पुरुष व महिला या दोन्ही विभागांत भारताच्या संघांनीं अंतिम सामन्यांत नेपाळवर विजय मिळविला. दोन्ही संघांचे नायक, प्रतीक वाईकर व प्रियांका इंगळे, महाराष्ट्राचे. आमच्या विद्यार्थ्यांस ही वार्ता ठाऊक आहेच.

वर सांगितलेल्या शिक्षणपद्धतीचा परदेशांतही विचार झालेला आहे. इंग्लंडांत लफबरो येथील डेव्हिड बंकर व रॉड थॉर्प या दोन अध्यापकांनीं १९८२ सालीं ही गोष्ट मांडली कीं, शाळांतून मुलांस चेंडू कसा मारावा, कसा झेलावा हें तासचे तास घोकवून घेतलें जातें, परंतु तो केव्हां व कोठें मारावा हें त्यांस समजत नाहीं. आणि ज्यांस हातवारे लवकर जमत नाहींत तीं मुलें खेळाला कायमचीं विटतात. त्यांचा उपाय सोपा होता. प्रथम मुलांच्या वयास झेपेल असा लहान केलेला खेळ खेळूं द्यावा. खेळतां खेळतां अडचण उभी राहूं द्यावी. त्या अडचणीवर तोड काय याचा विचार मुलांकडून करवावा. आणि ती तोड अमलांत आणण्यास जें कौशल्य लागेल तें मग शिकवावें. तहान लागल्यावर पाणी द्यावें, तसा हा क्रम आहे. गणिताचे शिक्षकही यापासून कांहीं घेतील तर आम्हांस आनंद होईल, परंतु तो विषय वेगळा.

आतां एका नाजूक गोष्टीकडे वळणें अवश्य आहे. खेळाच्या तासाच्या आरंभीं दोन नायक पुढें येऊन आळीपाळीनें गडी निवडतात, ही रीत सर्वत्र आहे. या निवडीच्या अखेरीस जें एक मूल उरतें, त्याच्याकडे पालकांनीं कधीं पाहिलें आहे काय? तें जमिनीकडे पाहत पायाच्या अंगठ्यानें माती उकरीत उभें असतें, व दोन्ही नायक ‘हा तुम्हांला घ्या’ म्हणून एकमेकांस आग्रह करीत असतात. आपल्या गल्लींतील खेळांत निदान लिंबूटिंबूची तरी सोय असते. लहानग्यास खेळांत घेतात, तो बाद झाला तरी मोजीत नाहींत. लिंबूटिंबू होण्यांत कमीपणा असला तरी माया आहे. शाळेंतील निवडींत ती मायाही नाहीं. ही रीत प्राथमिक वर्गांतून समूळ बंद करावी असें आमचें स्पष्ट मत आहे. चकून पक्ष पाडावे, हजेरीच्या क्रमानें पाडावे, जन्ममहिन्यावरून पाडावे. हजार वाटा आहेत.

तसेंच ज्या खेळांत बाद झालेला बाहेर बसतो ते खेळ लहान वर्गांत जपून वापरावे. त्यांत सर्वांत आधीं बाद होतें तें सर्वांत मंद मूल, आणि ज्यास सरावाची गरज सर्वांत अधिक त्यासच सराव सर्वांत कमी मिळतो. दवाखान्यांत अधिक आजारी माणसास आधीं घरीं पाठवावें, त्यांतलाच हा प्रकार. बाद झालेल्यास दहा वेळां दोरीवरून उड्या मारून परत खेळांत येण्याची मुभा दिली, तर खेळाची रंगत तिळभरही उणी होत नाहीं.

अशा मागें पडलेल्या मुलांसाठीं एक खेळ आम्हांस विशेष उपयोगी वाटतो. परदेशांत तो अनेक प्रकारांनीं खेळतात. आमच्याकडे गोणपाटाच्या तुकड्यांवर भागतें. मैदानावर सुमारें पंधरा पावलांच्या अंतरानें दोन रेघा ओढाव्या. मधली जागा म्हणजे नदी. आठ मुलांच्या एका तुकडीस पांच गोणपाटें द्यावीं, प्रत्येकावर दोन मुलें दाटीनें उभीं राहूं शकतील एवढींच. सर्व आठ जणांनीं पाण्यांत पाय न बुडवितां पलीकडे जावयाचें. एकाचाही पाय जमिनीस लागला तर सर्व तुकडीनें पुन्हां आरंभ करावयाचा. शिक्षकानें यापुढें कांहींएक सांगूं नये. हें सर्वांत कठीण काम आहे.

पहिल्या खेपेस बहुधा असें होतें कीं धीट मूल गोणपाटें एकापुढें एक टाकीत झपाझप पुढें जातें. पांच गोणपाटें संपतात तेव्हां तें नदीच्या मध्यावर एकटें असतें व मागें सात जण कांठावर. आरडाओरड होते, कोणीतरी घसरतें, सगळे परत. दुसऱ्या खेपेस थोडी बोलाचाली होते. तिसऱ्या-चौथ्या खेपेस तुकडीच्या ध्यानांत येतें कीं आठ जणांस उभे राहण्यास चारच गोणपाटें लागतात, म्हणून पांचवें नेहमीं मोकळें असतें. तें सर्वांत पुढें टाकलें कीं प्रत्येकानें एक घर पुढें सरकावयाचें, मग सर्वांत मागचें मोकळें होतें, तें उचलून हातोहात पुढें द्यावयाचें. झाली नदी पार! परंतु हा हिशेब बसल्यावर नवीनच प्रश्न निघतो. मागचें गोणपाट उचलणार कोण? तेथें घाई करणारा गडी चालत नाहीं. वांकून, तोल संभाळून, शांतपणें उचलणारा पाहिजे. आणि एरवीं ज्यास कोणी पक्षांत घेत नाहीं असा जाडगेला किंवा भित्रा मुलगा या जागीं पुष्कळदां इतका नेमका ठरतो कीं पुढच्या वेळीं तुकडी त्याचें नांव घेऊन हांक मारते. ती हांक ऐकतांना त्या मुलाचा चेहरा पाहावा. खेळाच्या तासाचें महत्त्व पटविण्यास आम्हांस मग अधिक युक्तिवाद करावा लागत नाहीं.

खेळ संपल्यावर पांच मिनिटें सावलींत बसून बोलावें. ‘कोठें अडलें? तोड कोणाला सुचली? ती इतरांनीं ऐकली कां नाहीं?’ एवढेच प्रश्न पुरेत. तिसऱ्या प्रश्नावर मुलें बरेंच खरें बोलतात. मोठ्यानें बोलणाऱ्याचें ऐकलें जातें व हळू बोलणाऱ्याचें राहून जातें, हें त्यांस मोठ्या माणसांच्या आधीं उमगतें. शिक्षकानें या पांच मिनिटांचें प्रवचन मात्र करूं नये.

खेळ म्हणजे पूर्वजांपासून जसाच्या तसा चालत आलेला ठेवा, असा पुष्कळांचा समज असतो. कांहीं खेळ तर उघड उघड कोडें सोडवितांना जन्मास आले आहेत. १८९१ सालीं अमेरिकेंत स्प्रिंगफील्ड येथील वाय. एम. सी. ए. च्या शिक्षणसंस्थेंत हिवाळ्यामुळें घरांत कोंडलेला, कंटाळून दंगा करणारा १८ तरुणांचा एक वर्ग होता. त्यांच्यासाठीं दालनांत खेळतां येईल असा नवा खेळ दोन आठवड्यांत शोधून काढण्याचें काम जेम्स नायस्मिथ नांवाच्या शिक्षकाकडे आलें. त्यांनीं एकेका अडचणीचा विचार केला. लहान कठीण चेंडूनें इजा होते, म्हणून मोठा व मऊ चेंडू घ्यावा. चेंडू घेऊन पळणाऱ्यावर इतर तुटून पडतात, म्हणून चेंडू हातांत असतां पळण्यासच बंदी. लक्ष्य जमिनीलगत उभें असलें तर जोर करून चेंडू मारतात, म्हणून तें डोक्याच्या वर व आडवें ठेवावें, म्हणजे जोरापेक्षां अंदाज लागेल. फळांच्या दोन टोपल्या सज्जाच्या कठड्यास दहा फूट उंचीवर ठोकल्या, तेरा नियम लिहिले, आणि बास्केटबॉल तयार झाला. आपल्या देशांत या संस्थेच्याच विद्यमानें हॅरी क्रो बक यांनीं मद्रास येथें १९२० सालीं शारीरिक शिक्षणाचें महाविद्यालय काढलें. तें आजही चालू आहे. नायस्मिथ यांची हकीकत आम्ही चवथीच्या वर्गास सांगतों व मग एक चेंडू, एक दोरी आणि चार विटा देऊन ‘तुमचा खेळ तुम्हीच करा’ म्हणून सांगतों. जे खेळ निघतात त्यांतील बहुतेक दुसऱ्या दिवशीं टाकून द्यावे लागतात. परंतु नियम अन्यायाचा आहे म्हणजे काय, व तो बदलावयाचा तर सर्वांची संमति कशी घ्यावी लागते, याची मुलें जी चर्चा करतात ती नागरिकशास्त्राच्या धड्यावर आम्हीं कधीं ऐकली नाहीं.

कांहीं पालक म्हणतील, हें सर्व चांगलें. पण यानें मुलाचें गणित सुधारेल काय? तसें वचन आम्ही देत नाहीं. मैदानावर साखळी तोडणाऱ्या मुलीस त्यायोगें त्रैराशिक येऊं लागेल असें म्हणणें अप्रामाणिकपणाचें होईल. परंतु अडचण आली कीं हातपाय गाळून बसावयाचें नसतें, दुसऱ्याचें ऐकावयाचें असतें, आणि आपली युक्ति फसली तर तिच्याविषयीं रुसून न बसतां दुसरी शोधावयाची असते, एवढें जरी खेळाच्या तासांत अंगवळणीं पडलें तरी त्या तासाचा मोबदला पुरेपूर मिळाला असें आम्ही समजतों. २०२० सालच्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणांतही खेळाची सांगड अभ्यासाशीं घालण्याचा पुरस्कार केलेला आहे. तेव्हां आपल्या मुलाचा खेळाचा तास वारंवार बुडत असेल तर तो कां बुडाला हें शाळेंत येऊन विचारण्याचा पालकांस पूर्ण अधिकार आहे, व तसें विचारणाऱ्या पालकांचें आम्ही तरी स्वागतच करूं.

सुटीच्या दिवसांत आमच्या बाल विद्यार्थ्यांस घराजवळ खो-खो खेळावयाचा असेल तर मोठें मैदान नाहीं म्हणून अडून राहूं नये. बसावयास आठांऐवजीं पांच गडी घ्यावे व पळणारा एका वेळीं एकच ठेवावा. वाडीचें अंगण किंवा चाळीपुढची मोकळी जागा तेवढ्यास पुरते. जमिनीवरील खडे व कांचा आधीं सर्वांनीं मिळून वेंचून काढाव्या, कारण पाठलागांत गुडघे टेंकतात. खांब नसल्यास दोन्ही टोकांस एकेक मूल हात वर करून उभें राहिलें तरी चालतें. मात्र दर डावास खांब बदलावे, आणि कालचा खांब आज पहिला पाठलाग करील असा नियम ठेवावा.